धरणाच्या माथ्यावरचा रस्ता : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

विजयवाड्यात कृष्णेवर दरवाज्यांचा बंधारा आहे आणि त्याच्यावरूनच रस्ता जातो. या प्रकाशम बॅरेजबद्दल वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यावरून बोलता बोलता काहींनी आपल्या गावच्या बंधाऱ्यावरून जाणाऱ्या रस्त्याचीही चौकशी केली आहे. एकाच धाटणीचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न (सांगली) : महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा विजयवाड्यात ओलांडताना आपण पुलावर आहोत की धरणावर, हेच कळत नाही. आधी धरण झालं की पूल?

उत्तर : आधी बंधारा झाला. त्यावरून रस्ता जायला मात्र पुढची शंभर वर्षं लागली.

विजयवाड्यात एका काठावर कनकदुर्गेच्या देवळाचा इंद्रकीलाद्री डोंगर आहे, तर समोरच्या काठावर सीतानगरमची टेकडी. एरवी ऐसपैस पसरलेली कृष्णा या दोन डोंगरांच्या मधे आवळली जाते. नदी अडवायला जागा उत्तम, पण तळाला खडक नाही, खोलवर रेतीच आहे. 1832-33 च्या गुंटूरच्या भीषण दुष्काळानंतर इथं बंधारा घालावा ही मागणी जोर धरू लागली. ब्रिटिश अभियंते आर्थर कॉटन यांनी गोदावरीवर धवळेश्वरमला असंच काम हाती घेतलं होतं. कृष्णेवरचं काम 1852 मध्ये सुरू होऊन 1855 मध्ये संपलं आणि जागेवर ते कॅप्टन चार्ल्स ऑर यांनी पाहिलं. सुमारे 1132 मीटर लांबीचा तो भरीव दगडी बांध होता. उन्हाळ्यात पाणी अडवून दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवायचं आणि पावसाळ्यात पूर सरळ बांधाच्या माथ्यावरून जाऊ द्यायचा, अशी ती रचना.

ज्या भिंतीच्या माथ्यावरून पूर जातो, तिच्यावर कायमचा रस्ता होऊ शकत नाही. म्हणून कॉटन-ऑर यांच्या बंधाऱ्यावर रस्ता नव्हता. त्या काळात तशी निकडही नव्हती, कारण कालव्यांतूनच होड्या चालत आणि पश्चिमेकडचा कालवा पुढं कोम्मामूर कालव्यातून बकिंगहॅम कालव्याला मिळत असल्यानं मद्रासपर्यंत जलमार्ग होता. 1893 मध्ये रेल्वेचा पूल झाला आणि लांबची वाहतूक रुळांवर गेली. मोटारी आल्यावर अडचण सुरू झाली. कोलकाता-चेन्नई रस्त्याला इथं स्वतःचा पूल नव्हता.

रेतीवरचा बंधारा टिकवायचा तर खालच्या अंगाला मोठमोठ्या दगडांचं अंथरूण लागतं. त्याला ॲप्रन म्हणतात. पूर माथ्यावरून कोसळला की दगडांखालची रेती निसटते आणि दगड खाली बसतात. पूर ओसरल्यावर त्यावर नवे दगड टाकायचे. हे काम दरवर्षीचं, त्यात कुचराई चालत नाही. तरीही 1952 मध्ये बंधाऱ्याला भगदाड पडलं. पुढच्याच वर्षी, 1 ऑक्टोबर 1953 ला, आंध्र राज्य अस्तित्वात आलं आणि टंगुटुरी प्रकाशम पहिले मुख्यमंत्री झाले. 13 फेब्रुवारी 1954 ला नव्या बॅरेजचं काम सुरू झालं आणि 24 डिसेंबर 1957 ला ते रस्त्यासकट खुलं झालं. प्रकाशम त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते. बॅरेजला त्यांचं नाव आहे.

नवं काम करताना भरीव भिंत सोडून दरवाज्यांची रचना घेतली. 40 फुटी 70 गाळे (दोन खांबांमधल्या मोकळ्या जागा), म्हणजे नुसती मोकळी रुंदी 2800 फूट, सुमारे 853 मीटर. एकूण लांबी 1223.5 मीटर. बाकीच्या लांबीत खांब, गाळ वाहून नेणारे गाळे आणि टोकाची बांधकामं येतात. दरवाजे म्हटले की खांब आलेच. दर 40 फुटांवर पक्का खांब उभा असताना दोन खांबांवर स्लॅब टाकायला वेगळा पाया खणावा लागत नाही, आणि नदीतल्या पुलाचा खर्च मुख्यतः पायातच जातो. रस्ता बॅरेजवर आला तो या हिशेबानं.

प्रश्न (नांदेड) : धरण, बंधारा आणि बॅरेज यांत नेमका फरक काय? आमच्या गोदावरीवरच्या बाभळीला सगळे बंधारा म्हणतात, पण त्याला तर दरवाजे आहेत.

उत्तर : बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात. कामाच्या दृष्टीनं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. धरण पाण्याचा मोठा साठा करतं आणि जादा पाणी सांडव्यावरून सोडतं. साधा बंधारा पाण्याची पातळी थोडी उचलतो आणि पूर अंगावरून जाऊ देतो. बॅरेज म्हणजे जवळजवळ पूर्ण रुंदीभर दरवाजे. पुरात सगळे दरवाजे वर घेतले की नदी मोकळी, आणि पूर ओसरला की दरवाजे खाली सोडून पातळी राखायची. या हिशेबानं बाभळी बॅरेजच ठरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात, तेही दरवाजे उचलता येतात म्हणूनच शक्य होतं.

प्रकाशम बॅरेजचा साठा जेमतेम 3 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. कोयनेच्या 105 टीएमसीपुढं तो काहीच नाही. तरी त्याच्या जोरावर कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातली सुमारे 13 लाख एकर जमीन भिजते, कारण इथं पाणी साठवण्यापेक्षा ते कालव्यात शिरेल इतक्या उंचीवर धरून ठेवणं महत्त्वाचं. नागार्जुनसागरसारखी मोठी धरणं वरच्या अंगाला आहेत, खरा साठा तिथं होतो.

प्रश्न (पुणे) : गाडी बॅरेजवरून जाते तेव्हा तिचं वजन दरवाज्यांवर येतं का? धरणाला हादरे बसत नाहीत का?

उत्तर : दरवाज्यांवर वजन येत नाही, आणि येताही कामा नये. रस्त्याचा स्लॅब खांबांच्या एका भागावर टेकलेला असतो. दरवाजे त्याच खांबांतल्या उभ्या खाचांत वर-खाली होतात, आणि ते उचलणारी यंत्रणा वेगळ्या, जास्त उंचीच्या पुलावर बसवलेली असते. म्हणजे एकाच खांबाला दोन पूल आधाराला असतात, एक दरवाज्यांचा आणि दुसरा वाहनांचा. रस्ता खाली आणि दरवाज्यांचा पूल वर का, तर दरवाजा पूर्ण उचलल्यावर त्याची खालची कड पुराच्या पाण्याच्या वर राहायला हवी.

उभ्या उचलीच्या दरवाज्याचं वजन काही टनांत असतं. ते दर वेळी नुसत्या मोटारीच्या जोरावर उचलायचं तर मोटारही अजस्र लागेल. त्यासाठी तारेच्या किंवा साखळीच्या दुसऱ्या टोकाला काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारं वजन, टांगतात, विहिरीच्या रहाटावर एक बादली वर येताना दुसरी खाली जाते तसं. दरवाजा खाली असताना काउंटरवेट वर असतं, दरवाजा वर गेला की ते खाली येतं. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात ती लागणार आहे.

हादऱ्यांबद्दल बोलायचं तर खांब एवढा जड असतो की एका मोटारीच्या धक्क्यानं त्याचं काही बिघडत नाही. बिघाड होतो तो लहान भागांत, आणि हळूहळू. दोन स्लॅबच्या मधल्या सांध्यावरून चाक जाताना आदळतं. सांध्यातलं रबर फाटलं की रस्त्यावरचं पाणी, माती आणि वाहनांचं तेल खाली खांबाच्या डोक्यावर उतरतं. तिथं स्लॅबला टेकू देणाऱ्या आणि थोडं सरकू देणाऱ्या बेअरिंग असतात. त्यांच्यात चिखल अडकला की उन्हानं लांबी वाढणाऱ्या स्लॅबला सरकायला जागा उरत नाही, आणि खांबाच्या माथ्याला तडे जातात. तेच पाणी दरवाज्याच्या खाचेत, साखळीवर आणि चाकांवर टपकत राहिलं की गंज धरतो. त्यामुळे धरणावरच्या रस्त्याची पाहणी करताना आधी सांध्याखाली आणि पाणी काढणाऱ्या नळ्यांच्या तोंडाशी बघावं. नळीचं तोंड खांबाच्या आणि यंत्रणेच्या बाहेर, मोकळ्या पाण्यावर हवं. ती आखूड असेल तर दुरुस्ती स्वस्त आहे आणि ती त्याच वर्षी करून घ्यावी.

प्रश्न (इचलकरंजी) : सप्टेंबर 2024 च्या पुरात विजयवाड्यात बॅरेजला होड्या धडकल्या होत्या. नुकसान नेमकं कशाचं झालं? पूल धोक्यात आला होता का?

उत्तर : त्या पुराचा कमाल विसर्ग सुमारे 11.4 लाख क्युसेक (सेकंदाला घनफूट) होता, म्हणजे सेकंदाला 32 हजार घनमीटरच्या आसपास. बॅरेजची क्षमता 11.9 लाख क्युसेक धरलेली आहे. आपल्याकडं सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे यावरून पुराचा अंदाज घेतात, तसा विजयवाड्यात बॅरेजमधून किती लाख क्युसेक सुटतंय यावरून घेतात. 3.97 लाखांना पहिला इशारा, 5.69 लाखांना दुसरा. त्या वेळी विसर्ग दुसऱ्या इशाऱ्याच्या दुपटीवर गेला होता.

बॅरेजच्या वरच्या अंगाला काठाशी बांधलेल्या चाळीस-पन्नास टनांच्या लोखंडी होड्या दोर तुटून वाहत आल्या आणि 67 ते 70 क्रमांकाच्या गाळ्यांपाशी आदळल्या. वर सांगितलेली गोष्ट इथं लागू पडते. पूर असल्यानं सगळे दरवाजे वर होते, म्हणजेच काउंटरवेट खाली लोंबकळत होती. त्यामुळे धडक दरवाज्यांना न बसता काउंटरवेटना बसली आणि त्यातली काही फुटली. दरवाजे आणि खांब शाबूत राहिले, हे सुदैव म्हणायला हवं. दरवाजे अर्धवट उघडे असताना अशी होडी आली असती तर ती दरवाज्याच्या पत्र्यावरच बसली असती.

काउंटरवेट गेलं की दरवाजा लगेच कोसळत नाही. पण त्याचं सगळं वजन उचलण्याच्या यंत्रणेवर येतं आणि तो नियंत्रणात ठेवून खाली सोडता येत नाही. पूर ओसरताना दरवाजे बंद करता आले नाहीत तर पातळी राहत नाही आणि कालवे कोरडे पडतात. ऐन खरिपात ते परवडणारं नव्हतं. दुरुस्तीसाठी धरणाच्या दरवाज्यांचे तज्ज्ञ कन्नय्या नायडू यांना बोलावलं. त्याच वर्षी 10 ऑगस्टच्या रात्री तुंगभद्रा धरणाच्या 19 क्रमांकाच्या दरवाज्याची साखळी तुटून दरवाजा वाहून गेला होता. वाहत्या पाण्यात तिथं स्टॉपलॉग, म्हणजे दरवाज्याच्या जागी एकावर एक सोडायचे आडवे तात्पुरते अडसर, बसवण्याचं काम त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं. विजयवाड्यात जुन्या काउंटरवेटच्या जागी पोलादी पेट्या करून त्यांत काँक्रीट भरलं. पेटीत काँक्रीट भरण्याचा फायदा असा की तिचं वजन दरवाज्याला हवं तेवढं नेमकं जुळवता येतं, आणि पुढं धक्का बसला तरी पोलादाचं कवच काँक्रीटचे तुकडे होऊ देत नाही.

काउंटरवेट तुलनेनं लवकर बसली. होड्या काढायला मात्र कितीतरी जास्त काळ लागला. त्या एकमेकींत गुंतल्या होत्या आणि आत पाणी, रेती भरल्यानं वजन कित्येक पटींनी वाढलं होतं. आधी पुलावरून क्रेननं ओढून पाहिलं, पण त्या हलल्या नाहीत. क्रेननं किती ओढायचं यालाही मर्यादा असते, कारण क्रेनचं स्वतःचं वजन आणि ओढीचा ताण दोन्ही 1957 च्या स्लॅबवर येतात. मग पाणबुड्यांनी पाण्याखाली गॅस कटरनं कापायला सुरुवात केली. शेवटी वरच्या अंगानं दोन मोठ्या होड्या आणून, त्यांच्यावर लोखंडी गर्डर आडवे टाकून, साखळी-पुलीनं बुडालेल्या होड्या उचलून काठाकडं नेल्या. आमच्या मते सुरुवातीपासून हीच पद्धत योग्य होती. अडकलेली वस्तू प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला आणि तरंगत्या आधारावर उचलावी. पुलाला टेकू करून तिला ओढू नये.

पूल पडेल अशी भीती तेव्हा अनेकांनी बोलून दाखवली. खरी काळजी खांबाच्या पायाची होती. एक गाळा बुजला की त्याचं पाणी शेजारच्या गाळ्यांतून जास्त वेगानं जातं आणि खांबाच्या बुडाशी भोवरे पडून रेती खणली जाते. म्हणून अशा पुरानंतर पाणी उतरलं की त्या गाळ्यांच्या वर-खाली तळाची खोली मोजून ॲप्रनचे दगड कुठं बसले ते पाहणं अत्यावश्यक आहे. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो म्हणून समाधान मानायचं नाही.

प्रश्न (ठाणे) : एवढा पक्का पूल असताना तिथं अवजड वाहनांना बंदी का? धरणावरून हायवे नेण्यात चूक होती का?

उत्तर : 1957 च्या गरजेला तो निर्णय अगदी रास्त होता. चूक झाली असती ती नंतर हायवे तिथंच ठेवण्यात, आणि ती टाळली गेली. 1995 मध्ये बॅरेजच्या खालच्या अंगाला कनकदुर्गा वारधी हा स्वतंत्र पूल झाला, राष्ट्रीय महामार्ग तिकडं गेला आणि बॅरेजवर हलकी वाहनं राहिली. 1954 मध्ये आराखडा झाला तेव्हाचा ट्रक आणि आजचा ट्रक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. 2018 मध्ये केंद्रानं मर्यादा वाढवल्यापासून मोठ्या जोडट्रेलरला भारासकट 55 टनांपर्यंत कायद्यानं परवानगी आहे, आणि रस्त्यावर त्याहून जास्त माल भरलेल्या गाड्याही सापडतात.

वजनाखेरीज दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. धरणावरचा रस्ता मुळात धरणाच्या सेवेसाठी असतो. दरवाजा अडकला, तार बदलायची झाली, स्टॉपलॉग सोडायचे झाले तर क्रेन उभी राहायला तीच एक जागा. त्या रस्त्यावर तासाला शेकडो ट्रक असले की देखभालीचं प्रत्येक काम वाहतूक पोलिसांच्या परवानगीवर अडतं, आणि मग पुढं ढकललं जातं. पुढं ढकललेलं ग्रीस आणि पुढं ढकललेला रंग यांची किंमत एखाद्या पुराच्या रात्री मोजावी लागते.

जगभर हाच क्रम दिसतो. अमेरिकेत हूवर धरणाच्या माथ्यावरून महामार्ग जात असे. 2001 च्या दहशतवादी हल्ल्यानंतर तिथं ट्रकना बंदी झाली आणि ऑक्टोबर 2010 मध्ये शेजारी, नदीपासून सुमारे 900 फूट उंचीवर, वेगळा पूल खुला झाला. बंगालमध्ये 1975 च्या फरक्का बॅरेजवर रस्ता आणि रेल्वे दोन्ही आहेत, आणि तिथंही रस्त्यासाठी शेजारी नवा पूल हाती घ्यावा लागला. आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या गोदावरीवर खाली आंध्रात धवळेश्वरमला कॉटन यांचा 1852 चा बंधारा होता. त्याच्या जागी 1982 मध्ये रस्त्यासह बॅरेज पुरं झालं. नदीत बेटं असल्यानं ते चार तुकड्यांत आहे आणि दरवाजे 175. तिथं ॲप्रन आणि दरवाज्यांची कामं किती अंगावर येत असतील याचा अंदाज या आकड्यावरून बांधता येतो.

प्रश्न (भोर) : भाटघर धरणाला लॉइड धरण म्हणतात आणि सिंधमधल्या सक्करच्या बॅरेजचंही नाव लॉइड बॅरेज होतं असं वाचलं. हा एकच लॉइड का?

उत्तर : हो, एकच. जॉर्ज लॉइड 1918 ते 1923 मुंबईचे गव्हर्नर होते आणि सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. सक्करला ऑक्टोबर 1923 मध्ये पायाभरणी झाली आणि 13 जानेवारी 1932 ला लॉर्ड विलिंग्डन यांनी उद्घाटन केलं. 60 फुटी 66 गाळे, प्रत्येकी 50 टनांचा पोलादी दरवाजा, दोन्ही काठांना मिळून सात कालवे, वर दरवाज्यांचा पूल आणि खाली कमानींवरून जाणारा रस्ता. मुंबईच्याच बांधकाम खात्याचं हे काम.

महाराष्ट्राशी त्याचं आणखी जवळचं नातं आहे. बॅरेज सुरू झाल्यावर काही वर्षांतच उजव्या काठाचे कालवे गाळानं भरू लागले. नदीच्या वळणावर वरचं स्वच्छ पाणी बाहेरच्या काठाकडं जातं आणि तळाचं गाळयुक्त पाणी आतल्या काठाकडं सरकतं. कालव्याची तोंडं आतल्या बाजूला आली की तो गाळ आत ओढला जातो. याचा अभ्यास पुण्याजवळ खडकवासल्याच्या संशोधन केंद्रात, क्लॉड इंग्लिस यांच्या हाताखाली, नदीची लहान प्रतिकृती करून झाला. त्यावरून उजव्या बाजूला वेगळी वाट करून गाळ तोंडांपासून दूर ठेवला, आणि त्यासाठी 10 गाळे कायमचे बंद केले. कालवे वाचले. पण पूर वाहून नेण्याची क्षमता मूळच्या 15 लाख क्युसेकवरून 9 लाखांवर आली, आणि 2010 च्या पुरात 11 लाखांहून जास्त पाणी आलं. जून 2024 मध्ये 47 क्रमांकाचा दरवाजा निखळून पडला तेव्हा दुरुस्तीसाठी वरची वाहतूक थांबवावी लागली. विजयवाड्याच्या उत्तरात सांगितलेली अडचण इथंही आहेच.

प्रश्न (कोल्हापूर जिल्हा) : आमच्या गावचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हाच पलीकडं जायचा रस्ता आहे. दर पावसाळ्यात तो पाण्याखाली जातो. तो मुळातच उंच का बांधला नाही? आणि पाणी कितपत असताना जावं?

उत्तर : कारण तो बंधारा आहे, पूल नाही. पुरात नदीला कमीत कमी अडथळा व्हावा म्हणून त्याची उंची मुद्दाम काठापेक्षा कमी ठेवतात. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याची बातमी दर पावसाळ्यात पहिल्या मोठ्या पावसाबरोबर येते, आणि 39 फुटांची इशारा पातळी त्यानंतर कितीतरी वेळानं गाठली जाते. उंच बांधला असता तर जास्त मोठे खांब नदीत उभे राहिले असते आणि वरच्या शेतांत पाणी शिरलं असतं.

पाणी स्लॅबवरून वाहत असेल तर जाऊ नये, हा नियम सरळ आहे. वाहतं पाणी घोट्याच्या वर, म्हणजे 15 सेंटीमीटर असलं तरी माणसाचा तोल जातो. 30 सेंटीमीटरला लहान मोटार तरंगू लागते आणि 60 सेंटीमीटरला बहुतेक वाहनं वाहून जातात. बंधाऱ्यावर धोका याहून मोठा आहे, कारण त्याला कठडा नसतो किंवा काढता येणारा नळ्यांचा असतो. गढूळ पाण्यात स्लॅबची कड कुठं संपते ते दिसत नाही. पाणी उतरल्यावर लगेच ट्रॅक्टर घालू नका. आधी पायी जाऊन कडेचा भराव खचला नाही ना, स्लॅबचा एखादा तुकडा उचलला गेला नाही ना, अडकलेल्या झाडाझुडपांनी गाळे बुजले नाहीत ना, हे बघा. सर्वांत जास्त लक्ष दोन टोकांना, जिथं बंधारा काठाला भिडतो तिथं द्यायचं.

टोकं का, तर बर्ग्यांमुळं, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत घालायच्या आडव्या फळ्यांमुळं. पावसाळा संपताना, साधारण ऑक्टोबरच्या मध्याला, बर्गे घालतात आणि पाणी अडवतात. पावसाळ्याआधी ते काढायचे असतात. बर्गे काढायला उशीर झाला आणि वळवाचा जोरदार पाऊस आला तर नदीला गाळ्यांतून वाट मिळत नाही. मग ती टोकाकडून काठ फोडून निघते. बंधारा जागच्या जागी राहतो आणि नदी शेजारून वाहते, असं अनेक ठिकाणी घडलं आहे. थोडेच बर्गे काढले तरी नुकसान होतं, कारण सगळा जोर त्या दोन-चार गाळ्यांतून जातो आणि खालच्या बाजूला खड्डा पडून खांबाचा पाया उघडा पडतो. काढायचे तर सगळ्या गाळ्यांतले वरचे थर आधी, मग खालचे, असे समान काढत जायचं. घालताना उलटं, खाचेतला गाळ आणि उंबऱ्यावरचे गोटे साफ केल्याशिवाय पहिला बर्गा सोडू नये. तळाचा बर्गा एका बाजूला गोट्यावर टेकला की वरचे सगळे तिरके बसतात, आणि मग हंगामभर गळती. जुन्या लाकडी बर्ग्यांच्या दोन ओळी असतात आणि मधे चिकणमाती ठासतात. ती ओलसर आणि खडेविरहित हवी. लोखंडी बर्ग्यांना रबराची पट्टी असते, ती दरवर्षी तपासा, फाटकी बदला. उन्हाळ्यात काढलेले बर्गे उघड्यावर टाकले की चोरीला जातात, त्यामुळे मोजून, क्रमांक घालून, कुलपात ठेवणं बरं.

प्रश्न (सातारा जिल्हा) : ग्रामपंचायतीला बंधाऱ्यावरच्या खड्ड्यांवर डांबराचा जाड थर टाकून, दोन्ही बाजूंना पक्का काँक्रीटचा कठडा करायचा आहे. हरकत आहे का?

उत्तर : दोन्हीला आहे. बंधारा जलसंपदा किंवा जलसंधारण खात्याच्या ताब्यात असतो, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय हात लावू नये, हे पहिलं.

डांबराच्या 10 सेंटीमीटर थराचं वजन दर चौरस मीटरला सुमारे 230 किलो भरतं. 3 मीटर रुंद आणि 100 मीटर लांब स्लॅबवर ते जवळजवळ 70 टन होतं, आणि मूळ आराखड्यात ते धरलेलं नसतं. त्यातही, स्लॅबवरून पूर जातो तेव्हा डांबराच्या कडेखाली पाणी शिरून तो थर पत्र्यासारखा सोलून निघतो, म्हणजे पुढच्या वर्षी खड्डे जिथल्या तिथं. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापून, सैल काँक्रीट पूर्ण काढून, उघडी पडलेली सळई तारेच्या ब्रशनं घासून, तेवढ्याच जागी काँक्रीट भरावं आणि त्याला किमान सात दिवस ओलं ठेवावं. सळई गंजून बारीक झाली असेल तर मात्र हे मलमपट्टीचं काम करू नये, अभियंत्याला बोलवावं आणि तोवर ट्रॅक्टर-ट्रॉली बंद ठेवावी.

पक्का कठडा तर अजिबात नको. पूर माथ्यावरून जात असताना अर्धा-पाऊण मीटर उंच भिंत म्हणजे बंधाऱ्याची उंची तेवढी वाढवण्यासारखंच आहे. वाहत आलेली झाडं तिला अडकतात, वरचं पाणी चढतं आणि जोर पुन्हा टोकांवर येतो. नळ्यांचे काढता येणारे खांब घ्या, स्लॅबमधल्या खोबणीत बसणारे, आणि बर्गे काढायच्या दिवशी तेही काढून बर्ग्यांबरोबरच कुलपात ठेवा. दोन्ही टोकांना पाणीपातळी दाखवणारी, लाल-पांढरे पट्टे रंगवलेली मोजपट्टी आणि साखळीचं फाटक लावा. फाटकाची किल्ली कोणाकडं असेल त्याचं नाव आणि मोबाइल नंबर चावडीवर लिहून ठेवा.